पेढ्याचे एक्केचाळीस दिवस

"आपण जे खातो ना, त्यातलाच पहिला घास पेढ्याला. शिळं न्हाई, उष्टं न्हाई. एवढं सांभाळ, सत्या."

वडिलांचं हे बोलणं सत्यशीलाच्या कानात अजून तसंच होतं. श्रीमंतराव बेलापूरच्या पोस्टात होते. टपालाच्या थैलीतून कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं ते त्यांनीच, आणि रंग पेढ्यासारखा म्हणून नावही त्यांनीच ठेवलं. दिवाळीच्या आधी ते गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी हे बोलले होते, आणि तिने त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. तिचं हो म्हणजे हो. पहाटे उठून अंघोळ, देवपूजा, पोथीचा एक अध्याय, मग बालवाडीत शिकवणं. वारांचे उपवास, एकादश्या, चतुर्थ्या. आजवर एकही चुकलेला नव्हता.

आणि तरीही पंचाण्णव सालच्या जानेवारीतल्या त्या शनिवारी ती गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पोत्यात गुंडाळलेला पेढ्या. पाठीवरचे केस गेलेले, डोळ्यांत चिपडं, तीन दिवस पोटात काही ठरत नव्हतं.

"बाई, कुत्र्याला बी नंबर असतोय का?" मागून एका म्हातारबाने विचारलं. त्याच्या दाव्याला रेडकू होतं.

"असतो," आतून कुणीतरी म्हणालं. "रेडकाच्या आधी असतो. आणा इकडं."

खाकी पँट, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हाताला औषधाचा जांभळा डाग. उंच, सडपातळ.

"डॉक्टर..." ती म्हणाली.

"डॉक्टर गावोगाव फिरतीवर गेलेत. मी ड्रेसर, मलमपट्टी बघणारा. वैजनाथ सानप." त्याने पेढ्याला अलगद टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. "काय खायला घालता?"

"आम्ही खातो तेच. पहिला घास त्याचा."

"काल काय होतं?"

"काल एकादशी. वरईचा भात आणि दाण्याची आमटी."

"परवा?"

"गुरुवार होता. साबुदाण्याची खिचडी."

"आणि आज?"

"आज शनिवार..." तिचा आवाज बारीक झाला. "बटाट्याचा कीस केलाय."

त्याचे हात थांबले. "सोमवारी?"

"सोमवारीही उपवासच असतो."

"बाई, एक विचारू? संकल्प सोडताना यानं पण हातात पाणी घेतलं होतं का?"

म्हातारबा खो खो हसला. रेडकूही दचकलं. सत्यशीलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "यात हसण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय वडिलांना."

वैजनाथ हसला नव्हता. त्याने मान खाली घातली होती एवढंच. "हिरवी मिरची, मीठ, तळलेले दाणे... माणसाला एक दिवस चालतं. याला महिन्याचे पंधरा दिवस. लहान जीव हाय बाई. असंच चाललं तर उन्हाळा काढायचा न्हाई."

पेढ्याच्या कानामागे तिचं बोट तेवढं फिरत राहिलं. ते त्याने पाहिलं, आणि मग त्याचा आवाज एकदम मवाळ झाला.

"ऐका. ज्वारीच्या कण्या, मूठभर मुगाची डाळ, लाल भोपळ्याच्या फोडी. मऊ शिजवायचं, कोमट झालं की द्यायचं. मीठ न्हाई, तिखट न्हाई, कांदा-लसूण न्हाई."

"कांदा-लसूण आम्हीपण खात नाही."

"मग निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे रोज एक उकडलेलं अंडं."

तिने पेढ्याला जवळ ओढलं. "आमच्या घरात अंडं येत नाही."

"घरात कशाला आणता? फाटकापर्यंत मी आणून देतो. तुमच्या बालवाडीच्या मागंच माझी खोली हाय."

"तुम्हाला काय माहीत माझी बालवाडी कुठली?"

"रोज अकरापर्यंत 'बाई, शू आली' असं ऐकू येतं." तो औषधाची पुडी बांधत म्हणाला. "एक्केचाळीस दिवस करायचं. खाडा नको."

"एक्केचाळीस का?"

"चाळीस सांगितले असते तर तुम्ही वरचा एक धरलाच असता."

आता मात्र तिला हसू आलं. तिने ते पदराच्या टोकात लपवलं, पण म्हातारबाने पाहिलंच.

घरी आल्यावर तिने अंगणात तीन विटा मांडून चूल केली, त्यावर जुनं पातेलं. रंगुबाई, तिची आई, दारात कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"कुत्र्याला येगळी चूल? आन् आपल्या फाटकात अंडं? तुझ्या आण्णांनी बघितलं आस्तं तर?"

"आण्णांनीच सांगितलंय, सांभाळ म्हणून."

"सांबाळ म्हनलं हुतं. त्याचं बारसं कर न्हाई म्हनलं," रंगुबाई बोलली, आणि जाऊन भोपळा चिरायला घेतला.

वैजनाथ रोज संध्याकाळी सहाला यायचा. सायकल फाटकाला टेकवायचा आणि रुमालातलं अंडं बाहेरच सोलायचा. सत्यशीला पाठ फिरवून उभी राहायची, तोंडात नामस्मरण. टरफलं तो खिशात घालून न्यायचा, एक कपचीसुद्धा खाली सोडायचा नाही. ती पाठ फिरवून असली तरी हे तिला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

दहाव्या दिवशी पेढ्याने शेपटी हलवली. पंधराव्या दिवशी पातेल्याचं बूड चाटलं.

"आता याला काहीतरी कुरकुरीत द्या," वैजनाथ म्हणाला. "दात साफ होतात. बाजरीचं पीठ, उकडलेला भोपळा, घट्ट मळायचं. लहान टिकल्या थापायच्या आणि तव्यावर मंद आचेवर कडक होईस्तोवर भाजायच्या. गूळ घालू नका."

दुसऱ्या दिवशी तिने टिकल्या केल्या, ताटलीत मांडून कट्ट्यावर ठेवल्या आणि आत दिवा लावायला गेली. बाहेर आली तेव्हा वैजनाथ एक टिकली चावत बसला होता. जबडा जोरात चालला होता.

"बाई, चांगल्या झाल्यात... पण मीठ राहिलंय."

"त्या पेढ्याच्या आहेत!"

त्याचा जबडा थांबला. खाली पेढ्या तोंड वर करून त्याच्याकडेच बघत होता. आतून रंगुबाईचा हसण्याचा आवाज आला, आणि सत्यशीला कट्ट्यावरच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आण्णा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

"आता दात साफ होतील तुमचे," ती कशीबशी म्हणाली.

"त्याच्या घासातला घास खाल्ला. आता तो मला सोडायचा न्हाई."

"तो सोडेलही..." ती म्हणाली, आणि ओठ मिटून घेतले. वाक्य तिथेच राहिलं. संध्याकाळचं ऊन भिंतीवरून उतरत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने ताटलीकडे.

बाविसाव्या दिवशी त्याने पेढ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मऊ, दाट केस आले होते. "आता बरा दिसतोय," तो म्हणाला. "अंडं बंद केलं तरी..."

"केस गळतात अजून," सत्यशीला घाईने म्हणाली.

"अस्सं? मग पूर्ण करू एक्केचाळीस."

त्या रात्री जपाला बसली तेव्हा तिचे मणी दोनदा चुकले. पेढ्या बरा होणार, मग फाटकाशी सायकल येणार नाही. एवढीशी गोष्ट होती, पण ती बाजूला सारून मन पुढे जाईना. देवाजवळ काय मागायचं, तेही कळेना. कुत्रा बरा होऊ दे म्हणायचं, की नको म्हणायचं?

एके दिवशी तो आला नाही. कुठल्याशा वाडीवर लसीकरण होतं. सकाळीच फाटकाच्या कडीला कापडी पिशवी अडकवून गेला होता, आत उकडलेलं अंडं, सालासकट. सहा वाजले. पेढ्या फाटकाशी जाऊन बसला. सत्यशीलाने तिथेच उभं राहून अंडं सोललं. टरफल सगळं निघालं. पेढ्याने खाल्लं. मग तिने अंगावर थंड पाण्याचे दोन तांबे घेतले आणि देवापुढे बसून म्हणाली, "तुम्ही पाहिलंत. आता उगाच न पाहिल्यासारखं करू नका."

एक्केचाळिसावा दिवस गुरुवारी आला. वैजनाथने शेवटचं अंडं सोललं. आज ती पाठ फिरवून उभी नव्हती.

"खरं सांगू का?" तो म्हणाला. "पेढ्या वीस दिवसांतच बरा झाला होता."

"मला माहीत होतं."

"मग केस गळतात म्हणालात ते? खोटं?"

"खोटं नाही." तिने मान वर केली. "दोन गळले होते. घोंगडीवर."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. टरफलं मुठीत तशीच होती. "मीपण एक सांगितलं न्हाई. माझे आई-बाप हितंच हायेत, कारखान्याच्या ऊसतोड्यांच्या तळावर. आम्ही पाथर्डीकडचे. दिवाळीला सगळं गाव कोयता घेऊन निघतं. घरात मी एकटाच कोयत्यावर न गेलेला. कोपीत राहतात ते... चार बांबू आणि उसाचं पाचट."

"मग एवढे दिवस का नाही सांगितलं?"

"तुम्ही पाठ फिरवून उभ्या असायच्या ना. आणखी फिरवली असती तर?" त्याने खाली पाहिलं. "आई रोज विचारते, कुणाच्या कुत्र्याला अंडी नेतोस एवढी? तिला तुम्हाला बघायचंय. ती तुमच्या दारात यायला लाजते. पट्टा पडायच्या आत... म्हणजे गाळप संपून टोळ्या गावाकडं निघायच्या आत... तुम्ही..."

दवाखान्यात बैल आडवा पाडणारा माणूस, पण आता सायकलची घंटी उगाच दाबत उभा राहिला.

"मी येईन," सत्यशीला म्हणाली.

"न्यायला येऊ?"

"नको. न्यायला आलात तर तुम्ही आणलंत असं होईल. मी येईन."

"आणि आईनं विचारलं, कोण म्हणून आलीस, तर?"

"ते मी त्यांनाच सांगेन." ती वळली. पायरीवर थांबून, मागे न बघता म्हणाली, "आणि उद्यापासून हात हलवत या. पण या."

रंगुबाईला तिने त्याच दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी रंगुबाई बोलली, "पोरीनं आपल्या पायानं सासूला दाखवून घ्यायला जायाचं? उलटंच हाय सगळं." आणि थोड्या वेळाने, "पोरगा बाकी टरफलं उचलून न्हेतो. आजकाल कोन न्हेतं?"

पुढच्या रविवारी जायचं ठरलं. पण त्याआधीच्या गुरुवारी सकाळी दूध घालायला आलेला रंगनाथ फाटकातूनच ओरडला, "मावशी, ऊस संपला! आज पट्टा पडतोय. सांजच्याला टोळ्यांचे ट्रक निघायलेत."

सत्यशीलाच्या हातात पोथी होती. गुरुवार. दत्ताचा उपवास, लहानपणापासूनचा. आणि कोपीत बनुबाई, वैजनाथची आई, आवराआवरीत असली तरी पहिल्यांदा आलेल्या मुलीपुढे भाकरी ठेवणारच. तिला नाही म्हणायचं? ट्रक लागलेला, संसार गाठोड्यात, आणि त्या बाईच्या हातचं परत करायचं? तिला काय वाटेल? अंडं सोलणारा मुलगा माझा, म्हणून पोरीने भाकरी बाटली असं मानलं...

तिने पोथी बांधून ठेवली. समईची वात सारखी केली. "महाराज," ती हळूच म्हणाली, "आज ताटात येईल ते खाईन. उपवास उद्या करीन. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा." तिचा आवाज नेहमीइतकाच हलका होता, पण त्यात विनवणी नव्हती. ती फक्त कळवत होती.

निळ्या काठाचं लुगडं नेसून ती बाहेर आली. रंगुबाई अंगण झाडत होती. तिने लेकीकडे खालून वर पाहिलं.

"पोथी झाली?"

"उद्या दोन अध्याय वाचीन."

रंगुबाईने झाडू भिंतीला लावला. कोपऱ्यातल्या जाड चपला आणून लेकीपुढे ठेवल्या. "ह्या घाल. पाचटात साप-किरडू आस्तं. आन् बाईच्या पाया पडताना डोक्यावर पदर घे."

सत्यशीलाने चपला घातल्या. फाटकाची कडी आवाज न करता उघडली, आणि कालव्याच्या कडेकडेने कारखान्याकडे चालू लागली.