दुसऱ्याच्या मापाची गिटार

दिवा जरा इकडे सरकवा. अशा गोष्टी सांगताना ऐकणाऱ्याचं तोंड दिसलेलं मला बरं वाटतं. आणि मधे उगाच 'हे कसं शक्य आहे' म्हणून विचारू नका. मला ठाऊक असतं तर मी पहिल्यांदा तेच सांगितलं असतं.

साल सत्तावन्न, डिसेंबरातला रविवार. चामटोलीच्या जनूचा मुलगा जयदेव सकाळी सायकल काढून उल्हासनगरला गेला, गिटार आणायला. हसा, हसा. चामटोलीचा आगरी गडी आणि गिटार! पण जयदेव अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर होता, लेथवर लोखंड कातणारा, कारखान्याच्याच चाळीत वीज असलेली खोली मिळाली होती, आणि संध्याकाळी कामगारांच्या क्लबात तो बेंजो वाजवायचा. हात गोड होता पोराचा. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात यंदा विजेवरची गिटार वाजणार असं क्लबाने ठरवलं, वाजवणार जयदेव हेही ठरलं, आणि गडी हुरळला. गिटार स्वतःची घेईन म्हणाला. बायको सखू दोन दिवस नाही-नाही म्हणाली आणि मग वर्षाच्या लेकीला, विठाला, कडेवर घेऊन गप्प बसली.

तिथल्या निर्वासितांच्या कॅम्प तीनमध्ये एका बराकीच्या पडवीत लोकूमल मिस्त्री बसायचा. रेडिओची लाकडी खोकी बनवायचा, पण कराचीला असताना त्याचा धंदा वाद्यांचा. त्याची कामाची एक तऱ्हा होती. गिऱ्हाइकाच्या डाव्या मुठीत तो कोमट मेणाचा गोळा द्यायचा आणि घट्ट धरायला लावायचा. मेणावर बोटं उठली, अंगठा उठला, की त्या ठशावरून गिटारीची दांडी तासायची. चप्पल पायाच्या मापाची घेता, मग दांडी हाताच्या मापाची का नको, असं त्याचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती.

जयदेवला मात्र थांबायला वेळ नव्हता. मागे खुंटीला फडक्यात गुंडाळलेली एक तयार गिटार त्याला दिसली. कोरी करकरीत. लोकूमलने ती खाली काढायला खळखळ केली. गेल्या वर्षी एकाने माप दिलं होतं, तो पुन्हा फिरकला नाही, म्हणून राहिली, असं तो म्हणाला.

"साईं, ये दूसरे के नाप की है. पंद्रह दिन रुको, तुम्हारे हाथ की बनाता हूँ."

"मी टर्नर आहे, मिस्त्री. नाही बसली तर घासून बसवीन."

ही त्याची मिजास. कारखान्यात त्याच्या हाताखालून गेलेली वस्तू केसभर इकडेतिकडे व्हायची नाही, तेव्हा जगातली कुठलीही गोष्ट घासली की बसते असं त्याला वाटायचं. फळीवर त्या गिऱ्हाइकाच्या ठशाचं मेण पडलं होतं. जयदेवने गमतीने त्यात आपला पंजा बसवून पाहिला. एकेका खाचेत त्याचं बोट जाऊन वर तेवढीच जागा उरत होती. लोकूमलने ते मेण त्याच्या हातातून काढून घेतलं आणि फळीवर परत ठेवलं.

घरी आल्यावर हाल सुरू झाले. दांडी इतकी जाड की अंगठा मागून वळेना. दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांची, पडद्यांची, पितळी टोकं कडेला बाहेर आलेली, हात सरकवला की तळव्याला ओरखडा. तारा दांडीपासून एवढ्या उंच की दाबता दाबता बोटांना वळ उठायचे. पट्टा गळ्यात घातला की डावा खांदा खाली ओढला जायचा, आणि बसून वाजवायला घ्यावी तर खालची कड बरगडीत रुतायची. जयदेवने कारखान्यातून बारीक कानस आणली. पडद्यांची टोकं घासून साफ केली, तारा ज्यावर टेकतात ती घोडी सूतभर खाली घेतली, पट्ट्याला सखूच्या जुन्या लुगड्याची घडी शिवली. सोमवारी घासलेली टोकं गुरुवारी पुन्हा बाहेर. थंडीत लाकूड आखडतं, हे त्याला कळत होतं. त्याने पुन्हा घासली. आठवड्याभरात अंगठ्याचं मूळ सुजलं आणि कामावर त्रास व्हायला लागला, कारण लेथचं चाक डाव्या हातानेच फिरवायचं असतं. दोन नग बाद झाले. हात गेला तर टर्नरचं उरतं काय?

वर आणखी ती घूं. गिटारीची वायर आवाज मोठा करणाऱ्या पेटीला लावली की पेटीतून एकसारखी घूं यायची. क्लबातून घरी आणलेली ती पेटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुरुदत्तने बनवली होती. त्याने येऊन पाहिलं आणि हसला. त्यात बिघाड नाही म्हणाला, तारांना माणसाचा हात लागला की घूं थांबते, हात काढला की सुरू होते, माणसाच्या अंगाचा गुण आहे तो. करून दाखवलं. हात ठेवला, घूं बंद. हात उचलला, घूं चालू. जयदेवला बरं वाटलं. निदान एका गोष्टीचं कारण तरी समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. पहिल्या पाळीवरून तो नुकताच आला होता. सखू विठाला घेऊन शेजारी गेलेली, चाळीत सामसूम. नळावर बादली भरत असलेली, कुठेतरी कोणाचा तरी खोकला, बाकी काही नाही. जयदेवने थोडं वाजवलं, गिटार खाटेवर आडवी ठेवली आणि आतल्या बाजूला पाणी प्यायला गेला. बाहेरून घूं ऐकू येत होती. तांब्या तोंडाला लावला आणि घूं थांबली.

वीज गेली असेल, त्याला वाटलं. त्याने भिंतीआडून वाकून पाहिलं. पेटीचा लाल दिवा चालू होता. खोलीत कोणी नव्हतं. दाराची कडी आतून लागलेली. खाटेवर गिटार, आणि खोलीत जुन्या तेलकट मेणाचा वास. जयदेव तांब्या धरून तसाच उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नाही. मग त्याने एक पाऊल पुढे टाकलं... आणि घूं पुन्हा सुरू झाली. कोणीतरी तारांवरून हात उचलला होता.

सखूला तो काही बोलला नाही. बोलायचं काय? आवाज बंद झाला होता म्हणून घाबरलो?

आणि खरी भीती पुढेच होती, कारण त्या दिवसापासून त्रास कमी व्हायला लागला. पहिल्यांदा पडदे टोचायचे थांबले. मग अंगठा दांडीमागून वळला. बरगडीत कड रुतेना, पट्टा खांद्याला लागेना. नाताळच्या सुमारास तर गिटार हातात घेतली की घेतल्यासारखीच वाटेना. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. जयदेव टर्नर होता, त्याला चैन पडेना. दांडी झिजली असणार म्हणून त्याने मोजपट्टी लावली. पहिल्या दिवशीचं माप त्याने भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. दांडी तेवढीच होती, केसाचाही फरक नाही. त्याने तीन वेळा मोजली. मग भिंतीकडे पाठ करून त्याने आपला पंजा मोजला. तोही होता तेवढाच. दांडी तीच, हात तोच, आणि पहिल्या दिवशी जे बसत नव्हतं ते आता बसत होतं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सखूला मोजपट्टीची गरज पडली नाही. एका रविवारी दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. जयदेव शेजारी येऊन बसला आणि सहज डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. ती दगडासारखी थिजली. मग हळूच खांदा काढून घेतला.

"उजवा ठेवा... ह्यो नको."

"का गं?"

सखूने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुमी बाजूला बसलाव ना... आनि हात वरून आल्यासारका लागतो."

तिला रडू फुटलं. पंधरा दिवस झाले म्हणाली, झोपेत तो हात अंगावर पडतो आणि कोणी उंच माणूस उशाशी उभा राहून ठेवतो आहे असं वाटतं, डोळे उघडायची हिंमत होत नाही. विठाला तर ती त्या हाताने उचलूच देत नव्हती, आणि जयदेवच्या ते लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सखूने पोरीला घेतलं आणि चामटोलीला सासऱ्याकडे निघून गेली. घरात ती वस्तू आहे तोवर येणार नाही, एवढंच सांगून गेली. रिकाम्या खोलीत जयदेवला पहिल्यांदा समजलं की आपलं काय जाऊ घातलंय. गिटारीपायी बायकोला हात लावता येईना आणि पोरीला उचलता येईना.

त्याने गिटार फडक्यात बांधली आणि लोकूमलकडे गेला. तक्रार आहे म्हणाला. लोकूमलने चष्मा चढवला आणि एकेक विचारायला लागला. पडदे टोचतात? नाही. तारा उंच लागतात? नाही. अंगठा दुखतो? नाही. मग खोट कशात आहे, भाऊ?

"खोट नाही, मिस्त्री," जयदेव म्हणाला. "हीच तक्रार आहे."

लोकूमलचे हात थांबले. तो उठला, फळीवरचं मेण काढलं आणि जयदेवच्या पुढे धरलं. जयदेवला हात पुढे करायचा नव्हता. तरी केला. चारही बोटं खाचांत गेली, अंगठा आपल्या जागी टेकला. कुठे फट नाही, कुठे जागा उरली नाही. बराकीच्या दारातून बाहेर बाजार दिसत होता, बायका भाव करत होत्या, आणि आत हे दोघं त्या मुठीकडे बघत उभे होते.

"कसा होता तो?" जयदेवने विचारलं.

"लंबा," लोकूमल हळू आवाजात म्हणाला. "दरवाज़े में झुककर आया था. नाम पूछा तो बोला... पहले बना तो सही. लेनेवाला आ जाएगा."

मग मात्र म्हातारा भला वागला. त्याने गिटार ठेवून घेतली, बदल्यात चांगला बेंजो दिला. सरसाचं भांडं शेगडीवर होतं, त्यात त्याने ते मेण टाकलं आणि पूर्ण वितळेपर्यंत काठीने ढवळत राहिला. बोटांच्या खाचा बुजल्या, अंगठ्याची खाच सगळ्यांत शेवटी बुजली. अब छुट्टी, तो म्हणाला. जयदेव त्याच्या पाया पडला.

आणि खरंच सुटल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात सखू परत आली. सव्वीस जानेवारीला जयदेवने बेंजोच वाजवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेथवर नग बरोबर उतरू लागले. सखूजवळ बसताना मात्र तो उजवा हात तिच्याकडे येईल असा बसायचा, आणि ती त्याबद्दल काही म्हणायची नाही. हळूहळू जाईल, असं दोघांनीही धरून चाललं होतं. आपण सगळेच असं धरून चालतो.

फेब्रुवारीत कारखान्यात सगळ्यांचे पास नवे करायचे निघाले. कार्डावर चौकोन छापलेला, त्यात डाव्या अंगठ्याचा ठसा. टेबलावर विष्णुपंत कारकून. लोक रांगेने येत होते, शाई लावत होते, टेकवत होते, फडक्याला बोट पुसत निघून जात होते. जयदेवची पाळी आली. त्याने अंगठा टेकवला, उचलला. ठसा चौकोनाच्या चारही रेघा ओलांडून बाहेर गेला होता.

"सरकवलास का रे?" विष्णुपंत म्हणाले.

त्यांनी दुसरं कार्ड घेतलं. या वेळी जयदेवचं मनगट त्यांनी स्वतः धरलं, सरळ खाली आणलं, सरळ वर उचललं. ठसा पुन्हा तेवढाच मोठा. रेषा सगळ्या स्वच्छ, एकही फाकलेली नाही. विष्णुपंतांनी नोकरीला लागतानाचं त्याचं जुनं कार्ड काढलं. त्यावरचा ठसा चौकोनात नीट बसलेला होता, कडेने जागा ठेवून.

"अंगठा ठेव बघू यावर. शाई न लावता."

जयदेवने आपला अंगठा नव्या ठशावर ठेवला. अंगठा नेहमीएवढाच होता. त्याच्या चारही बाजूंनी काळ्या रेषा बाहेर दिसत होत्या, अर्ध्याहून अधिक ठसा उघडाच. मागचा माणूस वाकून पाहायला लागला तसं विष्णुपंतांनी कार्डावर वही सरकवली. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"उजव्याचा दे... मी डाव्याचा म्हणून लिहितो. आणि कुठे बोलू नकोस."

जयदेव घरी आला तेव्हा ऊन अजून दारात होतं. त्याने डावा हात पाठीमागे घेतला आणि सखूला दिसू नये म्हणून भिंतीला लागून उभा राहिला. विठा नुकतीच चालायला लागली होती, बाप दिसला की बोट धरायला यायची. त्याने उजवा हात पुढे केला, बोट दिलं, ये म्हणाला. तिने त्या बोटाकडे पाहिलंही नाही. ती त्याला वळसा घालून मागे गेली, डाव्या हाताचं बोट धरलं, आणि ते उजव्यासारखं एका मुठीत मावेना म्हणून तिने दुसराही हात लावला.