अंगठ्याला बांधलेली दोरी

सात महिन्यांत तिला सलग चार तास झोप मिळाली नव्हती, आणि हे कुणाला सांगताना ती आधी माफी मागितल्यासारखी हसायची. बाळ रडलं की दचकायची; रडलं नाही की जास्त दचकायची. नाकाशी बोट धरून श्वास बघायची, त्यानेच बाळाला जाग आली की स्वतःला शिव्या घालायची. शेवटी कॉलेजातल्या मैत्रिणीने तिला घराबाहेर काढायचं ठरवलं. ही मैत्रीण कबड्डीच्या संघापासूनची कप्तान. आता प्रयोगशाळेत रक्त तपासायची, पण नाव तेच राहिलं होतं. रविवारी सकाळी तळ्यावर मागूर मासे धरायला जायचं, दहाच्या दुधाला परत यायचं, बाळाला सासूबाई बघतील, असा बेत कप्तानने परस्पर त्यांच्याशीच पक्का केला.

मधल्या दुधाची बाटली तिने भरून ठेवली, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी. सासूबाईंनी दोन्ही वाचल्या आणि आपली तीन पोरं बहुतेक चिठ्ठ्यांशिवायच वाढली, एवढंच म्हणाल्या.

तळ्यावर वारा नव्हता. होडी मधोमध नेऊन कप्तानने वल्ही आत घेतली, तेव्हा वल्ह्यांवरून टपकणारं पाणीसुद्धा मोठ्याने ऐकू येत होतं. शेवाळाचा वास, त्यात गळाला लावलेल्या कोंबडीच्या काळजाचा. मागूर तळाच्या चिखलात पडून असतो, कधी तोंड लावेल त्याचा नेम नाही, म्हणून कप्तानचे वडील गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून खुशाल झोपायचे. मासा ओढेल तेव्हा जाग येईल, तोवर मेल्यासारखी झोप, असं म्हणत कप्तानने तिच्या अंगठ्यात फास अडकवला. घरी पाळण्याची दोरीही तिथेच बांधते, असं ती म्हणाली. मग सवय आहेच की, असं म्हणून कप्तान हसली.

तिला झोप कधी लागली ते कळलंच नाही.

जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि कप्तान तिच्या पायाकडे एकटक बघत होती.

"किती वेळ हलवतेयस तू ती दोरी?"

ती खाली बघते तर पाय आपला चाललाय. पुढे, मागे. पुढे, मागे. झोपेतही पाळणा हलवण्याची सवय गेली नव्हती. तिने ओशाळून पाय थांबवला.

दोरीला हिसका बसला. माशाचा नव्हे. दोन हलके, लाडिक झटके. पाळणा थांबला की बाळ लाथ मारतं तसे. मग होडीच्या फळ्यांखालून बारीक सूर आला. रडण्याच्या आधीचा, नाकातला, कुरकुरता. सात महिन्यांत तिला तो सूर कुठल्याही बोलीपेक्षा पक्का कळू लागला होता.

मागूर आवाज करतो कधी कधी, असं कप्तान म्हणाली, पण ते पाण्याकडे न बघता.

तिने पाय हलवला. सूर थांबला.

कप्तानने दोरी वर ओढून पाहिली, येईना. मग किनाऱ्याकडे वल्हवायला घेतलं. होडी पुढे सरकत होती, दोरी मात्र ना ताणली ना तिरकी झाली; सरळ खाली, सतत त्यांच्या बरोबर. काठाजवळ पाणी गुडघाभर उरलं, तळ दिसू लागला. दोरी तिथे चिखलात शिरत होती, आणि तेवढाच चिखल सावकाश खालीवर होत होता. श्वास घेतल्यासारखा.

साडेनऊ झाले होते. तिचा कुर्ता छातीवर भिजला होता. सूर ऐकताच दूध उतरलं होतं. शरीराला काय, कुणाचं रडणं हे थोडंच कळतं. आता निघालं तरच दहाला घरी पोहोचता येणार होतं.

कप्तानने चाकू काढून दोरीला लावला. खालचा सूर चढला. आणि तिने कप्तानचं मनगट धरलं.

"नको… आत्ताच शांत झालंय."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. कप्तानने चाकू मिटला. मग तिच्या अंगठ्यातला फास काढून, लय न मोडता, स्वतःच्या अंगठ्यात अडकवला.

"तुझं घरी वाट बघतंय. तू जा… मी याला झोपवते आणि येते."

कप्तानला मूल नव्हतं. त्या विषयावर दोघी कधी बोलत नसत. पण तिचा पाय पहिल्याच झोक्याला बरोबर लयीत पडला.

थांबायला हवं होतं, हे कळायला काही शिक्षण लागत नाही. ती स्कूटरची किल्ली घेऊन निघाली. एकदाही मागे वळली नाही. वाईट म्हणजे, वाटेत तिला हलकं वाटत होतं.

बाळ ठणठणीत होतं. पोटभर प्यायलं, कुशीत झोपलं. कप्तानला फोन करते, मग पडते, असं म्हणेपर्यंत सासूबाईंनी मोबाइल काढून घेतला, दार ओढून घेतलं. ती सहा तास झोपली. दगडासारखी, एकही स्वप्न न पडता. उठली तेव्हा चार वाजून गेले होते. कुणाचाही फोन आलेला नव्हता.

तिने लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"हळू बोल," कप्तान कुजबुजली.

"घरी पोहोचलीस ना?" तिने विचारलं.

पलीकडे पाण्याचा बारीक चुबूक चुबूक आवाज. त्यात तो सूर, पण दूरचा, वेगळ्या बाजूने येणारा. कप्तानचा आवाज दमलेला होता, आणि इतका मायेचा, की तिने तो तसा आधी कधी ऐकला नव्हता.

"हे झोपलं गं… पण त्याच्या कुरकुरीने बाकीची जागी झालीत. तुझा पाय मोकळा आहे ना?"