मागचा आतला टायर

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी म्हणावी, मी भांडायला येणार नाही. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे. मल्हारीमामाने आयुष्यात कधी तिखटमीठ लावून काही सांगितलं नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी हा माणूस बोलत नाही.

घडलं ते गेल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या अमावस्येला. संभाजीनगरहून जालना रोडने गेलं की करमाडच्या अलीकडे आत मामाचं शेत आहे, तिथे. वेळ दिवेलागणीची.

आधी थोडं मामाविषयी सांगतो.

आमची मंडळी मूळची मेंढरं राखणारी. मामा-मामी दोघांचंही लहानपण मेंढरांमागे रानोमाळ गेलं. पुढे मामा एसटीत ड्रायव्हर झाला. रिटायर झाल्यावर लोक फ्लॅट घेतात. याने एक जुनी मिनीबस घेतली! कंपनीच्या कामगारांची ने-आण करून थकलेली, मागे जोडीची चार चाकं असलेली. सीटा काढून आत दोन बाकडी टाकली, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली. बानाबाईमामीने हिरवे पडदे शिवले. झालं घर.

मग दोघं निघायची. कधी खुलताबादच्या डोंगराकडे, कधी वैजापूरकडे. लहानपणी जिथे मेंढरं बसवली होती, तिथेच बस उभी करून मुक्काम करायची. नातेवाईक हसायचे. मीही हसायचो.

निघताना त्यांची एक रीत होती. मामा स्टेअरिंगवर बसायचा. मामी तिची मेंढरं हाकायची काठी घेऊन गाडीभोवती फिरायची आणि प्रत्येक टायरवर काठी ठोकायची. हवा नीट असेल तर आवाज यायचा, ठण्ण. कमी असेल तर धप्प. मागच्या जोडीतला आतला टायर बाहेरच्याआड लपलेला असतो, त्याची हवा गेली तरी बाहेरून कळत नाही. मामी बुटकी होती. ती वाकून गाडीखाली काठी घालायची आणि तोही ठोकून बघायची.

सगळे टायर नीट वाजले की म्हणायची, "हाका."

ती म्हणाल्याशिवाय मामाने कधी गाडी सुरू केली नाही.

दोन वर्षांपूर्वी मामी तापाचं निमित्त होऊन गेली. आमच्यात पुरतात. मामाने तिला शेताच्या बांधावर, बाभळीखाली पुरलं आणि डोक्याशी दगड उभा केला. बस तिथून हाकेच्या अंतरावर उभी होती. ती तिथेच राहिली.

मामाही तिथेच राहिला. एकटा, त्या बसमध्ये. सकाळी एका माणसाचा चहा, रात्री एका माणसाची भाकरी. सोबतीला काळू नावाचा कुत्रा. त्याच्याशीच बोलायचा. फार वाईट दिवस होते ते.

सारजाबाई ही त्याची एकुलती एक लेक. नांदेडला दिलेली. तिने बापाच्या मागे धोशा लावला, की आता इकडेच या, कायमचे. शेवटी मामा कबूल झाला. शेत सांडू नावाच्या ओळखीच्या माणसाला बटईने, अर्ध्या वाट्याने कसायला द्यायचं आणि बस घेऊन नांदेडला जायचं, असं ठरलं.

अडचण एकच होती. टायर. बस उन्हात उभी राहून टायरना भेगा पडल्या होत्या. खालून ते बसले होते. त्यांच्यावर नांदेड गाठायचं म्हणजे मरणाला आमंत्रण.

चिकलठाण्याला बद्रीनाथ नावाच्या माणसाचं टायरचं दुकान आहे. मामा तिथे जाऊ लागला. नवे घ्यावेत की जुन्यावर नवं रबर चढवलेले रिमोल्ड? नायलॉन की रेडियल? नखाने रबर दाबून बघायचा. टायरवर कोरलेलं साल चष्मा लावून वाचायचा. सुतळीने उंची मोजायचा, कारण जोडीतला एक जरी उंच निघाला तर सगळं ओझं त्याच्यावर पडतं आणि दुसरा नुसता शेजारी फिरत राहतो. एवढं करून घरी परत यायचा, रिकाम्या हाताने. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

बद्रीनाथ सोशिक माणूस. पण त्यालाही राहवेना. तो म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, जावई बघताना तरी एवढं पारखलं व्हतं का?"

मामा हसला. पण मला त्याने नंतर खरं सांगितलं.

"टायर पयल्याच दिवशी पसंत पडले व्हते रे. पर घेतले की जावं लागणार व्हतं."

अखेर घेतले. सगळे नवे, नायलॉनचे, एकाच सालचे. स्टेपनीसुद्धा. बस हलवता येत नव्हती म्हणून बद्रीनाथच टेम्पोत टायर घालून शेतावर आला. जॅक लावून एकेक चाक बदललं. काम संपेपर्यंत सूर्य बुडाला होता. त्याने मीटर लावून प्रत्येक टायरची हवा तपासली आणि तो हौदावर हात धुवायला गेला.

मामा स्टेअरिंगवर बसला. सकाळी निघायचं होतं, त्याआधी बस जरा पुढे-मागे करून बघावी म्हणून.

तेवढ्यात लाइट गेली. शेजारच्या विहिरीवरची मोटर बंद पडली. रातकिडे ओरडत होते, तेही थांबले.

आणि मग...

ठण्ण.

पुढचा उजवा टायर. मामाच्या पायांच्या अगदी खाली.

त्याला वाटलं, बद्रीनाथ ठोकून बघतोय. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. बद्रीनाथ हौदावर होता, पाठमोरा, कोपरापर्यंत हात चोळत.

ठण्ण.

पुढचा डावा.

काळू उठला. भुंकला नाही. शेपूट हलवत, मान वर करून, सावकाश गाडीभोवती चालू लागला. कुणाच्या तरी पायाशी चालावं तसा.

ठण्ण... मागचा डावा, बाहेरचा. मग जरा वेळ गेला, वाकायला लागतो तेवढा... ठण्ण. आतला.

मामा मनात मोजत होता, सवयीने.

ठण्ण. मागचा उजवा, बाहेरचा.

आता एकच राहिला होता.

आणि...

धप्प.

मामा खाली उतरला. कुणी नव्हतं. काळू मागच्या चाकापाशी उभा राहून शेपूट हलवत होता.

बद्रीनाथने येऊन पुन्हा मीटर लावला. हवा जेवढी हवी तेवढीच होती. पण मामा ऐकेना. "ह्याचा आवाज बरोबर नाय," एवढंच म्हणत राहिला. बिचाऱ्या बद्रीनाथने पुन्हा जॅक लावला, दोन्ही चाकं काढली आणि आतला टायर हौदात बुडवून बघितला. एक बुडबुडा आला नाही. तरी म्हाताऱ्याच्या समाधानासाठी त्याच्या जागी स्टेपनी बसवली.

आता चांगलंच अंधारून आलं होतं. मामा पुन्हा वर जाऊन बसला. बद्रीनाथ बसच्या पुढे उभा राहिला, बॅटरी घेऊन.

पुन्हा पहिल्यापासून...

ठण्ण. ठण्ण. सावकाश, गाडीभोवती.

बद्रीनाथने आवाजामागोमाग बॅटरी फिरवली. त्याला आवाज येत होता आणि ठोकणारं कुणी दिसत नव्हतं.

शेवटच्या टायरला, त्याच जागी...

धप्प.

बद्रीनाथ सरळ टेम्पोत बसला आणि निघून गेला. जॅकसुद्धा मागेच राहिला.

मामा स्वतःची बॅटरी घेऊन बसखाली वाकला. आतल्या टायरच्या कोऱ्या काळ्या रबरावर मातीचा एक गोल ठिपका उमटला होता. काठीच्या टोकाएवढा. ओला.

भीती वाटली का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, भीती नाही वाटली, कोडं पडलं. टायर बदलला, आवाज तोच. म्हणजे टायर चांगला होता. चांगल्या टायरला ती वाईट का म्हणत होती? संसारात त्याला एकदाही खोटं न सांगितलेली बाई.

तो तसाच चाकापाशी मातीत बसला. समोर बांध होता, बाभूळ होती. अमावस्येच्या अंधारात खालचा दगड दिसतही नव्हता. उद्यापासून तिथे कुणीच नसणार होतं. सांडू येणार, कुळवाची पाळी घालणार, पेरणार आणि घरी जाणार. दिवा लावायला कुणी नाही. हाक मारायला कुणी नाही.

मामाला तेव्हा उमगलं.

"बाने," तो अंधारात म्हणाला, "म्या गेल्यावर तुला इथं एकटं वाटंल व्हय?"

काही नाही. वारासुद्धा नाही. काळू त्याच्या शेजारी येऊन बसला.

मामा रडला. मामी गेली तेव्हा चारचौघांत रडायचं राहिलं होतं, ते सगळं तिथे रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "बरं. नाय जात म्या."

काळूने मान वर केली...

ठण्ण.

आतला टायर. घंटेसारखा स्वच्छ.

"हाका" असं मात्र कुणी म्हणालं नाही.

मामा नांदेडला गेला नाही. सारजाबाई रुसली, महिनाभर फोन केला नाही तिने. मग माझ्यामागे लागली, की तू शिकलेला आहेस, शहरात राहतोस, तूच समजावून सांग. म्हणून परवा मी गेलो.

बसमध्ये बसून मामाने मला चहा पाजला आणि हे सगळं सांगितलं. मीही माझी अक्कल पाजळली. गारठ्यात रबर आखडतं, नव्या टायरचा आवाज बदलतो, एकटेपणात माणसाला भास होतात. बद्रीनाथचं काय, ते मात्र मला सांगता येईना. मामाने वाद घातला नाही. तो पूर्वीपेक्षा बरा दिसत होता, एवढं मला कबूल करावं लागेल. अंगावर मांस आलं होतं. बोलता बोलता दोनदा हसला.

निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. मामा बसच्या दारात उभा होता. मी माझ्या कारमध्ये बसलो, किल्ली लावली.

तेवढ्यात काळू उठला. शेपूट हलवत माझ्या गाडीकडे आला...

ठण्ण.

माझा हात किल्लीवरच राहिला. काचेतून मला फक्त काळू दिसत होता, मान वर करून चालताना.

ठण्ण. ठण्ण.

मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली. शहरातला माझा बंद फ्लॅट डोळ्यांसमोर आला. आई गेल्यापासून तिथे माझी वाट बघणारं कुणी नाही. आणि शेवटच्या टायरच्या वेळी मी कान टवकारून, श्वास रोखून त्या दुसऱ्या आवाजाची वाट बघत होतो.

ठण्ण.

चारही टायर नीट होते. मला कुणी अडवलं नाही.

मी गाडी सुरू केली आणि निघालो.