बास्तोसची जर्सी

खरं प्रेम मृत्यूलाही भीत नाही. खारघरचा पार्थ मात्र खेकड्यालाही भ्यायचा. तरी तीन महिन्यांपूर्वी तो रस्ता चुकून दिवाळे कोळीवाड्यात शिरला, उन्नतीच्या मासळीच्या टोपलीपुढे थबकला, तिनं मान वर केली... आणि पार्थ दर रविवारी बोंबील न्यायला येऊ लागला.

अडचण एकच — उन्नतीचे बाबा, गोटीराम. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी बास्तोसचा फोटो. हा परदेशी फुटबॉलपटू नशा करायचा, पंचांवर थुंकायचा, समोरच्याला चावायचा. मरून नऊ वर्षं झाली.

"चावायचा, पन प्रेमानं," गोटीराम म्हणायचे. "पोर देईन ती त्याच्या भक्तालाच."

पुण्यतिथीच्या सामन्यात गोटीरामांचा संघ दहाच गडी उतरवायचा. अकरावी जर्सी गोलच्या बांबूवर टांगलेली — त्याच्यासाठी. यंदा सामना बघायला आलेल्या पार्थच्या शर्टावर कावळ्यानं कार्यभाग उरकला. पार्थनं शर्ट काढला आणि ती जर्सी सरळ अंगात घातली.

"काढ ती!" उन्नती किंचाळली.

"का? तुझ्या नवऱ्याची आहे?"

"मेलेल्याची हाय!"

कापड बर्फासारखं गार होतं. खाडीवरचा वारा अचानक पडला. चेंडू आपणहून घरंगळत आला... आणि आयुष्यात ज्यानं रिकामा डबाही लाथाडला नव्हता, त्याचा डावा पाय उठला.

गोल!

पाठोपाठ पार्थनं समोरच्या संघाच्या गोलकीपर हरेशच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. हरेशनं भक्तिभावानं हात जोडले.

गोटीराम धावत येऊन पाया पडले. "आलास रं देवा! घे, पोर तुझीच!"

उन्नती पांढरीफटक पडली. लहानपणापासून घर त्या मेलेल्याचं. आता हा माणूसही त्याचाच? ती जवळ गेली. डोळे पार्थचे नव्हते.

"एक सांग," ती म्हणाली. "सुरमई आनि बांगडा... फरक कसा ओळखायचा?"

त्याची पापणी लवली, डोळे पुन्हा पार्थचे झाले.

"म... माहीत नाही गं."

"तीन महिने मासे नेतोस ना?"

"आमच्याकडे कुणी खात नाही. मी... तुला बघायला येतो."

उन्नतीनं रडत, हसत जर्सी त्याच्या अंगातून ओढून काढली आणि बांबूवर टांगली. वारा नव्हताच. तरी डावी बाही हळूच वर झाली, आशीर्वाद दिल्यासारखी.

"परवानगी हाय," गोटीराम पुटपुटले.

"मला तूच हवा," उन्नती कुजबुजली. "जिवंत. न चावनारा."

"मलाही तूच... पण एक मागू?"

"माग की."

"पुढच्या रविवारी कोलंबी दे. सोसायटीतली मांजरं बोंबलाला कंटाळलीत."