मुका फोन

"गप्प!" असं तो म्हणाला की मोठ्या साहेबांनीसुद्धा तोंड मिटायचं, हा पोलीस खात्यातला अलिखित नियम होता. त्यावरूनच त्याचं नाव गप्पराव पडलं. खून झालेल्या खोलीची शांतता तो मशीनवर भरून घ्यायचा. नव्या माणसाला हे खूळ वाटे. पण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. कुठे फ्रिज घुरघुरतो, कुठे भिंतीतला पाइप कण्हतो. मेलेल्या बाईनं शेवटी फोन केला असेल, तर त्यातून तिच्या खोलीची ही शांतता वजा करायची. मग उरतं ते त्या वेळचं.

आज ही खोली दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईची होती. इस्त्रीचं टेबल उघडं, त्यावर एक बाही इस्त्री केलेली, दुसरी चुरगळलेली. कडी शाबूत, कुलूप शाबूत. दार तिनं आपल्या हातानं उघडलं होतं, आधीच्या बायकांनी उघडलं होतं तसंच.

"एकट्या बाईनं दार उघडायचंच कशाला, म्हणतो मी," हवालदार पुटपुटले.

मॅडम वळल्या. तपास त्यांच्याकडे होता आणि दोन दिवसांपासून घसा बसलेला होता, त्यामुळे आवाज कानस घासल्यासारखा निघत होता.

"तुमच्या घरी दार कोण उघडतं?"

"बायको."

"मग आज घरी गेल्यावर विचारा तिला, कशाला उघडतेस म्हणून. आणि जेवण मिळालं तर उद्या मला सांगा."

गप्पराव मशीनवर वाकून हसला. मॅडमनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दोघांमध्ये काय आहे ते अख्ख्या खात्याला ठाऊक होतं. फक्त त्या दोघांनी एकमेकांना अजून सांगितलं नव्हतं.

मॅडमचा राग हवालदारावर नव्हताच. पहिला खून सोडला तर पुढच्या प्रत्येक बाईनं मरण्याआधी कंट्रोल रूमला फोन लावला होता. बोलली मात्र एकही नव्हती. आणि कंट्रोल रूमची पद्धत अशी की पलीकडून आवाज आला नाही तर दोनदा हॅलो म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. "पोरं खेळतात हो मॅडम फोनशी." गळ्यावर हात पडलेल्या बाईनं काय पाढे म्हणून दाखवायचे? मुका फोन कापायचा नाही, असं त्या ओरडून ओरडून सांगत होत्या. घसा त्यातच बसला होता.

तसा त्यांचा आवाज गावभर झाला होता. पहिल्या खुनानंतर खात्यानं त्यांच्याकडून एक सूचना बोलून घेतली होती: एकट्या राहत असाल तर अनोळखी आवाजाला दार उघडू नका. रेडिओवर तीच, बस स्टँडवर तीच, दुकानांतही तीच. रस्त्यात बायका थांबवून म्हणायच्या, "अगंबाई, तुम्ही त्या दारवाल्या मॅडम ना!"

दुपारी गप्परावनं त्यांना त्याच्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे जिन्याखालची जागा, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. त्याचा चेहरा उतरला होता.

"कोठडीत ठेवलाय तो भाऊ सुटतोय," तो म्हणाला. "पण तू आधी बस."

कोठडीतला भाऊ आधीच्या बाईचा. बहिणीच्या घराची किल्ली त्याच्याकडे होती, एवढ्यावर मोठ्या साहेबांनी त्याला आज सकाळीच उचलला होता. उद्या त्याच्यावर खुनाचं कलम लागायचं होतं.

मॅडमनी हेडफोन लावले. त्याच्या बहिणीचा मुका फोन होता, महिन्यापूर्वीचा. आधी तिचा श्वास. मग दारावर पुन्हा टकटक. मग, खोलीची शांतता वजा केल्यामुळे आज पहिल्यांदा कळणारा, दाराबाहेरचा एक आवाज, दमलेला, घरच्यासारखा.

"मीच आहे गं. उघड ना."

मॅडमनी हेडफोन काढले. परत लावले. परत ऐकलं.

"ही मी आहे."

"हो."

"त्या सूचनेतून वाक्य कापून जोडलं असेल कुणीतरी."

"सूचनेत हे शब्द नाहीत. आणि ती सूचना तू खणखणीत आवाजात दिली होतीस." त्यानं तेच पुन्हा लावलं. "नीट ऐक. यातला घसा बसलेला आहे."

महिन्यापूर्वी मॅडमना साधी शिंकसुद्धा आली नव्हती. त्या रात्री त्या परगावी होत्या, कमिशनरांच्या बैठकीत.

"सगळ्या फोनांत आहे?"

"सगळ्या. आपण त्यांना सांगितलं, अनोळखी आवाजाला उघडू नका. आणि ओळखीचा म्हणून आवाज कुठला दिला? तुझा." त्यानं मशीनवर हात ठेवला. "मी हे पुसतो. कुणाला कळणार नाही."

"आणि तो भाऊ?"

त्यानं हात तसाच ठेवला.

"हात काढ," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासाठी म्हणून काही करायचं असेल तर खोटं सोडून दुसरं काहीतरी कर."

मोठ्या साहेबांनी तो मुका फोन ऐकला आणि त्यांचा चहा गार झाला.

"हे बाहेर गेलं तर पहिली बेडी तुमच्या हातात पडेल, समजतंय का?"

"घाला की. पण त्या माणसाला आधी सोडा. ज्याच्याकडे किल्ली आहे तो दार ठोकून 'उघड' म्हणत नाही."

"वेड लागलंय तुम्हाला."

"लागू दे. बायका मरताना ज्या फोनवर तुम्ही हॅलो हॅलो करत बसलात, त्यापेक्षा माझं वेड शहाणं आहे. ती सूचना आत्ताच्या आत्ता बंद करा. माझा आवाज आला तरी दार उघडू नका, असं सांगा गावाला. नाहीतर चौकात उभी राहून मी सांगेन."

भाऊ सुटला. मॅडमना घरी बसवलं. ओळखपत्र टेबलावर आपटून त्या बाहेर पडल्या, तेव्हा रस्त्यावर चांगलं ऊन होतं आणि शाळा सुटत होत्या.

कोपऱ्यावर पोचेपर्यंत फोन वाजला. गप्परावचा.

"बोल."

काहीच नाही.

त्या हॅलो म्हणाल्या नाहीत. फोन कानाला घट्ट धरला. त्याच्या घड्याळाची टिकटिक ओळखू आली. तो घरी होता. मग लांबून, दुसऱ्या खोलीतून बोलावं तसा, बाईचा आवाज आला, त्यांच्याच बसलेल्या घशाचा.

"साखर कुठे ठेवतोस रे?"

मॅडम पळत सुटल्या. पळताना फोन कानावरून काढला नाही.

त्याचं दार बंद होतं. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हाकेवर आता कुणी दार उघडायचं? त्यांनी दाराला खांद्यानं धडक दिली. पुन्हा दिली. कडी चौकटीसकट निघाली.

गप्पराव खुर्चीत बसला होता. जिवंत. फोन मांडीवर, चालू. समोर दोन कप मांडलेले.

तो त्यांच्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मग उठून जवळ आला आणि त्यांच्या तोंडापाशी कान नेला.

"श्वास आहे," तो कुजबुजला. "तिला नव्हता. इतकी बोलत होती, पण मध्ये एकदाही श्वास घेतला नाही. म्हणून फोन लावला."

"कुठे आहे?"

त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्याला दुसरं दार नव्हतं. आत नळ वाहत होता.

"चल इथून," तो म्हणाला. "आत्ता. दोघंही."

मॅडमनी त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि सगळ्या जगासमोर धरावा तसा.

"नाही. त्या सगळ्याजणी माझ्या नावानं मेल्या. आज ती माझ्यासमोर बोलेल." त्यांनी फाटक्या घशानं आवाज चढवला. "ए! आवाज माझा चोरलास ना? मग तोंडही दाखव. ये बाहेर!"

नळ वाहतच राहिला.

त्या एक पाऊल पुढे गेल्या. मग आणखी एक.

आत कुणीतरी नळ बंद केला, ठिबकू नये म्हणून नीट पिळून.

मग नॅपकिनला हात पुसल्याचा आवाज आला. सावकाश, घरच्या बाईसारखा.