सायकलीला मान नसते

बसा हो, लाइन आता तासभर तरी येत नाही. चार्जिंगचा दिवा बिघडलाय म्हणून ही चिमणी लावली. चहा सांगितलाय. तुम्ही त्या वरच्या फळीवरच्या रिकाम्या खिळ्याबद्दल विचारलंत, तर चहा येईतोवर सांगतो.

अनसिंगच्या बाजारात माझं हे दुकान बैलाच्या साजाचं. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा, पितळी घंटा. लोक चिडवतात, "शेषरावभाऊ, बैल राह्यले कुठं? आता ट्रॅक्टरच्या गळ्यात घंटा बांधता का?" मी म्हणतो, तुम्ही घ्या, मी बांधतो. मागल्या पोळ्याला एकाने खरंच ट्रॅक्टरच्या आरशाला घुंगरमाळ बांधून नेली. धंद्यात गिऱ्हाइकाला नाही म्हणू नये. त्या दिवशी मात्र मी नाही म्हणालो होतो, ऐकलं कोणी नाही.

दिवाळी होऊन गेलेली, तुरी फुलावर आल्या होत्या. सकाळीच उकंडरावजी एक घंटा घेऊन आले. तुम्ही त्यांना ओळखत नसाल. गावाबाहेर त्यांचा बैलावर चालणारा लाकडी घाणा होता. मधली वर्षं बंद पडलेला, पण वाशीम-अकोल्याच्या लोकांना पुन्हा घाण्याचं तेल हवंसं झालं तसा त्यांनी तो सुरू केला. घाण्याला बैल एकच, बादल. डोळ्यांवर झापड, गळ्यात घंटा. उकंडरावजी अनवाणी त्याच्याबरोबर चालत, एक हात त्याच्या पाठीवर ठेवून. डाव्या पायाचा अंगठा त्यांनी त्या घाण्याच्याच लाटेखाली, फिरत्या जड लाकडाखाली, घालवलेला, तरी चाल बैलाच्या चालीशी जुळलेली.

तो बादल दसऱ्याआधी गेला.

"हे मोडीत टाका भाऊ," उकंडरावजी म्हणाले. "वितळवून टाका. घरात वाजते."

"वाऱ्याने वाजत असेल."

त्यांनी घंटा माझ्यापुढं ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. मेलेल्या बैलाची घंटा दुसऱ्या मानेला बांधत नाहीत, ही आमच्याकडची रीत. म्हणून मी ती विक्रीच्या मालापासून वेगळी, त्या वरच्या खिळ्याला अडकवली.

तेवढ्यात दुकानासमोर सायकल थांबली. मागेपुढे पिशव्या लादलेल्या, वर तंबूची गुंडाळी, आणि उन्हाने नाक सोललेली गोरी बाई. नाव कात्या, देश स्लोव्हेनिया. एकटी जगभर सायकलवर हिंडत होती. भारतात चार-सहा महिने काढल्यामुळे कामापुरतं हिंदी बोलायची. मी चहा पाजला. आपल्या दुकानात आलेला माणूस कोरडा जात नाही, आणि अशा माणसांकडं गोष्टी फार असतात. किर्गिझस्तानात घोड्याने हिच्या तंबूचा कोपरा खाल्ला. इराणात पासपोर्ट हरवला, तो एका रोटीवाल्याने पिठाच्या डब्यात जपून ठेवलेला निघाला. जॉर्जियात पूल वाहून गेला, तर सायकल डोक्यावर घेऊन नदी ओलांडली.

मी विचारलं, "मग रस्ता चुकत नाही तुम्ही?"

"रोज चुकते, भैया," ती हसली. "पण एकाच जागी दोनदा कधी आले नाही."

ओट्यावरून उकंडरावजी हळूच बोलले, "माह्या बादलचं उलटं होतं. जलमभर चालला, पन एका जागेहून कधी गेला नाही."

तिला सायकलीसाठी घंटा हवी होती. तिच्या आजोबांच्या गायींच्या गळ्यात घंटा असायच्या म्हणे. मी नव्या कोऱ्या काढून दाखवल्या. तिने एकेक हलवली आणि खाली ठेवली. मग वर बघून म्हणाली, "ये वाली."

मी म्हटलं, ती विकायची नाही. रीतही सांगितली. तिचा चेहरा उतरला. तेव्हा उकंडरावजीच म्हणाले, "घेऊ द्या तिले. मानंले नाही बांधाची, एवढंच ना? सायकलीले मान कुठं असते?"

आम्ही दोघंही हसलो. तिने स्वतःच्या हाताने ती घंटा वादीने हँडलला बांधली आणि पोहरादेवीच्या रस्त्याला लागली. दिसेनाशी होईपर्यंत आवाज येत होता. तेव्हाच एक गोष्ट माझ्या कानाला लागली, पण मनात शिरली नाही. सायकलीची घंटा खड्ड्यात वाजते. ही एका तालात वाजत होती. पावलागणिक.

दुपारी पुढच्या गावात दोर पोचवायचे होते. पिकअप काढली, तर फाट्यावर चाक बसलं. पंक्चरवाला चाक खोलत बसला आणि मी विजयमालाबाईंच्या हॉटेलात. त्या फाट्यापासून उजवीकडं कालव्याची पाळ जाते, शेतांमधून वळसा घेते आणि मागे पुन्हा याच रस्त्याला येऊन मिळते. चहाचा घोट घेतला आणि घंटा ऐकू आली. कात्या. मला वाटलं, कुठंतरी जेवायला थांबली असेल. मी हात केला, तिनेही केला आणि पाळीवर वळली.

विजयमालाबाई कढईतली भजी काढत म्हणाल्या, "भाऊ, ही बाई मघापासून फिरून राह्यली. मी म्हनलं, बाई, तिकडं देवी नाही, कालवा हाये. ऐकतच नाही."

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. मागूनच, त्याच बाजूने. या वेळी मी हात केला तरी तिने बघितलं नाही. गळ्यातलं फडकं वर सरकून डोळ्यांवर आलं होतं. ओठ पांढरे पडलेले. त्या फडक्याआडून तिला दिसत काय असेल? पण सायकल पाळीवर अशी वळली, जसं जनावर रोजच्या वाटेने गोठ्याकडं वळतं.

"कात्या," मी हाक मारली. "ओ बाई..."

नुसती घंटा.

ऊन कलत गेलं तसे फेरे आखूड होत गेले. ती पाळ सोडून तुरीतून निघाली. मग हॉटेलामागच्या पडीक रानात आली आणि तिथं एका बाभळीभोवती फिरत राहिली. बाभूळ सतत उजव्या हाताला. तणावर चाकाचं रिंगण उमटलं. हवेत करडईच्या ताज्या पेंडीचा वास भरला, गरम, तेलकट. विजयमालाबाईंची कढई केव्हाच उतरली होती. आणि सायकलीतून आवाज येत होता... लाकडावर लाकूड घासल्याचा. कर्र... कुईं... कर्र...

मी पळत जाऊन हँडल धरलं. अहो, शंभर किलोचं पोतं मी एकटा उचलतो, पण त्या सायकलीने मला फरफटत नेलं. सायकल नव्हतीच ती. हाताखाली काहीतरी जिवंत, जड, खांदा देऊन ओढत होतं. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आला. फडक्याखालून ती पुटपुटत होती, "पानी... भैया, पैर नहीं रुकता..."

दुपारपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. अशीच फिरली तर अंधार पडेपर्यंत ती टिकणार नव्हती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी उकंडरावजींना फोन लावला आणि जे दिसत होतं ते सांगितलं.

ते एवढंच म्हणाले, "पेंड घेऊन येतो."

मोटरसायकलवरून उतरले तेव्हा हातात फडक्यात बांधलेली पेंड होती. चपला त्यांनी रानाच्या कडेलाच काढल्या.

"उकंडरावजी, हे काय हाये?" मी विचारलं.

"मी त्याले सोडलंच नोतं भाऊ." आवाज इतका हळू की घंटेत बुडाला. "तो घाण्यातच बसला. मी पानी आनाले गेलो, आलो तं... जुवासकट गेलेला. त्याले कोनी सांगतलंच नाही का सुट्टी झाली म्हनून."

ते रिंगणात शिरले. ओढलं नाही, अडवलं नाही. सायकलीशेजारी चालू लागले. एक हात मागच्या पिशवीवर ठेवला, पाठीवर ठेवावा तसा. एक फेरा, मग दुसरा. चाल जुळली.

"हो... हो रे बादल... हो माह्या राजा..."

कर्र आवाज मंदावला. चालता चालताच त्यांनी तिच्या डोळ्यांवरचं फडकं वर सारलं. मग वादी सोडली. घंटा त्यांच्या हातात आली आणि सायकल उभ्या उभ्या आडवी झाली. मी कात्याला सावरलं. विजयमालाबाई तांब्या घेऊन धावल्या. घोटभर पाणी पोटात गेल्यावर तिने डोळे उघडले आणि आपल्या पायांकडं बघितलं. पाय थांबले होते. ती रडायला लागली, मग हसायला.

"आखीन एक काम राह्यलं," उकंडरावजी म्हणाले. त्यांनी तिच्या तळहातावर पेंड ठेवली. "बाई, हात पुढं धर. बांधलं तू, तं सोडाचंही तुलेच."

तिने हात धरला. उकंडरावजी समोर बघत बोलले, "सुट्टी झाली रे बाप्पा. जाय. कुठं जायाचं तिकडं जाय."

वारा नव्हता. मी तिच्या हाताकडंच बघत होतो, आणि तरी पेंड केव्हा गेली ते मला सांगता येणार नाही. तळहात रिकामा होता. ओला होता.

"खुरदरी," ती स्वतःशीच म्हणाली. "जीभ."

पेंडीचा वास हळूहळू विरला. कुठंतरी कुत्रं भुंकलं, आणि तेव्हा लक्षात आलं की दुपारपासून त्या रानात साधी चिमणीही बोलली नव्हती. विजयमालाबाईंनी तिला पिठलं-भाकरी खाऊ घातली, मुक्कामालाही तिथंच ठेवून घेतलं. खाटेवर पडल्या पडल्या झोपली बिचारी. उकंडरावजींनी बादलला जिथं पुरलं होतं त्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, घंटाही पुरून टाकली. दुसऱ्या दिवशी कात्या निघाली, ती सरळ गेली. संध्याकाळी फोन आला, "भैया, पोहरादेवी!" मी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहा पाजला.

इथवर सगळं चांगलंच आहे. खिळा रिकामा आहे तो यामुळे. त्याला दुसरं काही अडकवावंसं वाटत नाही.

पुढचं फक्त तुम्हाला सांगतो. महिना-दीड महिन्याने कात्याचा ओमानहून फोटो आला. वाळवंट, सकाळचं ऊन, मधोमध तिचा तंबू. तंबूभोवती वाळूत खुरांचं रिंगण. खाली लिहिलं होतं: "इथं दूरदूरपर्यंत गाय-बैल नाही. रात्री कोण चालतं? भीती वाटत नाही. झोप छान लागते."

उकंडरावजी समोरच बसले होते. अलीकडं त्यांची तब्येत खुलली आहे. मात्र सकाळी उठलं की पाय भरून येतात म्हणतात. "रातभर चालल्यासारखे दुखतात भाऊ, पन मन कसं हलकं असते." मी त्यांना मोबाइल दिला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"तंबू डाव्या हाताले हाये त्याच्या," ते म्हणाले. "उलटा चालून राह्यला. जलमभराचे फेरे उकलून राह्यला तो."

"आन उकलून झाल्यावर?"

"कोनी मोजले हायेत?" ते हसले, मोबाइल परत दिला आणि सावकाश घरी गेले.

ते गेल्यावर मी तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. खुरांच्या शेजारून, अगदी लगत, माणसाची पावलं होती. अनवाणी. बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालावं तितक्या अंतरावर, रिंगणभर.

फोटो अजून आहे, हा घ्या. जरा दोन बोटांनी मोठा करा. उजवं पाऊल पुरतं उमटलंय. आता डावं बघा. चार बोटं आहेत. अंगठ्याच्या जागी वाळू नुसती सपाट आहे.