युजीनचा लाल कोट

बस इथं, बाळा. पंख्याखाली बस. तुला एक गोष्ट सांगतो, आणि ती ऐकून तुझ्या अंगावर काटा आला नाय तर मला गॉडफ्रेकाका म्हणू नकोस. भुताची नाय... प्रेमाची आहे.

मी बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो, ते तुला माहीत आहे. आमच्या वटार गावच्या बँडमध्ये सगळ्यात पुढं ट्रंपेट वाजवायचा तो युजीन. माझा दोस्त. लाल कोट, छातीवर सोनेरी दोरी, पितळेची बटणं. तो कोट घालून उभा राहिला की नवरदेवाकडं कोण बघायचं नाय. दोन वर्षांमागं गेला. छातीत दुखलं म्हणाला आणि गेला.

मागं राहिली बायको रेजिना आणि पोरगा ॲल्रॉय. कोट दाराजवळ खुंटीला टांगलेला. रेजिनाला येता-जाता वाटायचं, माणूसच उभा आहे. सहन झालं नाय तिला. एक दिवस बोहारीण दारात आली, तर हिनं कोट काढून तिच्या हातात दिला आणि बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं. ॲल्रॉय कामावरून आला, खुंटी रिकामी. आईनं पातेल्याकडं बोट दाखवलं.  त्या पातेल्यातला चहा त्यानं कधी तोंडाला लावला नाय. शेवटी तिनं ते धुऊन वर फळीवर पालथं घातलं.

जुन्या कपड्यांचा ढीग दिसला की पोरगा तो उपसायचा. कोट मिळाला नाय. बँडमध्ये बापाच्या जागी तो उभा राहिला, बापाचा ट्रंपेट हातात, आणि अंगात नवा चकचकीत पॉलिस्टरचा कोट. वाजवायचा बरा. पण जीव नव्हता त्यात.

मग जानेवारीत गावात एक लग्न निघालं. नवरीला घेऊन आम्ही चर्चकडं चाललेलो. सकाळचं कोवळं ऊन, केळीची पानं हलताहेत, आम्ही जोरात वाजवतोय... आणि ट्रंपेट बंद. एकदम. मी आपला एकटाच ढोल बडवतोय, आणि नवरी मागं वळून बघतेय, काय झालं म्हणून.

चर्चच्या पायरीवर एक पोरगी उभी होती. अंगात युजीनचा कोट.

आता मला फॅशन काय कळते? पण ऐक. कोट कमरेत बरोबर बसलेला, पुढून उघडा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि आतलं पिवळं अस्तर बाहेर आलेलं, जसं आंब्याची फोड उघडावी. आत साधा पांढरा शर्ट, खाली घोळदार निळा सुती स्कर्ट, केसात एकच सोनचाफा. बटणं चिंचेनं घासलेली, उन्हात डोळ्यावर येत होती. तो कोट मी उभा जन्म बघितला होता रे. पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मिस्सेत, चर्चमधल्या प्रार्थनेत, घंटा वाजली की माणूस कसा आपोआप गप्प होतो... माझा हातच थांबला ढोलावर.

मिस्सा सुटल्यावर ॲल्रॉय तिच्याकडं गेला. मागोमाग मीपण, ढोल पोटावर घेऊन.

"हा कोट कुठनं घेतला?"

"का? आवडला?" ती हसली.

"माझ्या बापाचा आहे."

तिचं हसू गेलं. तिनं तिथंच कोट उतरवला आणि दोन्ही हातांवर धरून त्याच्यापुढं केला, आपण तान्हं पोर धरतो तसा. त्यानं खांदे बघितले... बारीक केलेले.

"कापलास?"

"जुन्या कपड्याला मी कात्री लावत नाही," ती म्हणाली. "सगळं आत दुमडलंय. टाके उसवले की होता तसा."

"मग शिंप्याकडं देतो मी."

"त्याला माझे टाके सापडायचे नाहीत. रविवारी घरी येते. तुमच्यासमोर उसवते, मग तर विश्वास बसेल?"

पोरीचं नाव स्टेफी. नवरीच्या ऑफिसातली मैत्रीण, राहायला नायगावला त्या नव्या टॉवरमध्ये. बोहारणींकडनं जुने कपडे हुडकायचे, धुवायचे, आपल्या मापाचे करून घालायचे, हाच तिचा नाद.

रविवारी ती तोच कोट घालून आली. मी रेजिनाच्या ओट्यावर बसलेलो. रेजिना दारात आली, तिनं लाल रंग बघितला आणि चौकट धरली. मला वाटलं, आता रडते. ती पुढं आली, एका बटणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "जरा उन्हात उभी राहा गो." पोरगी राहिली उभी. रेजिना बघतच राहिली... किती वेळ कोण जाणे. मग डोळे पुसून आत गेली.

स्टेफी उसवायला बसली. आणि बाळा, एक बाही उसवायला कधी तीन रविवार लागतात? हिला लागले. दोन टाके काढायची, मग ॲल्रॉयला म्हणायची, काहीतरी वाजवा ना, हात चालत नाही. तो वाजवायचा आणि ती ऐकत बसायची — हात तरी कुठं चालत होता? मी म्हटलंसुद्धा, पोरी, या वेगानं हा कोट माझ्या मयताला मिळेल. तर म्हणते, काका, तुमची तब्येत बघता घाई नाही.

पण टाके संपतातच. एका रविवारी शेवटची बाही राहिली. ॲल्रॉय खांबाला टेकून तिच्या बोटांकडं बघत होता. ज्या कोटापायी इतके दिवस वणवण केली तो आता हातात येणार होता, आणि पोराचा चेहरा असा पडलेला. मला कळलं. बाही सुटली की हिला परत यायला कारण उरत नाय.

"थांब," तो म्हणाला.

सुई थांबली.

"परत आवळ तो. तुझ्या मापाचा कर."

"का? तुम्हाला घालायचा होता ना?"

"घालायचा होता... आता बघायचाय."

तिनं मान खाली घातली. दोरा ओवायला गेली, पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा पण चुकला.

"पण कोट आता या घरातनं जाता कामा नये," तो हळूच म्हणाला.

"कोट वटारला आणि मी नायगावला? मग तो घालायचा कसा मी?"

"तेच तर विचारतोय..."

तिनं सुई अस्तरात खोचली. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "तू नीट विचार. मग सांगते." 'तू' म्हणाली ती त्याला, बाळा. तोवर तुम्ही-तुम्ही चाललेलं.

त्यानं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाय, कारण आत फळीवरनं भांडं काढल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं रेजिना चहा घेऊन आली. कपात ओतून नाय, रिकामे कप आणि थेट ते पातेलंच. ॲल्रॉयनं पातेल्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा कप भरला.

येत्या शनिवारी लग्न आहे. स्टेफी गाऊन घालणार आणि वरून युजीनचा कोट. फादरना विचारून झालंय. आणि माझा कोट, त्याच बँडचा, ट्रंकेत पडलेला, पोटावर बसत नव्हता... तो तिनं नेला आणि दोन्ही बाजूंना पिवळ्या अस्तराची पट्टी घालून आणून दिला. अजून घातला नाय मी. हिंमत होत नाय.

तो बघ, खुर्चीवर आहे. बाळा, एक काम कर. ऊठ, कोट मागून धर, मी हात घालतो. मग जरा लांब जा, उन्हात बघ मला... आणि खरं सांग.